बरी झाल्याचं कळवायचं राहिलं

१२ ऑक्टोबर

ताई,

ऑपरेशन पुढे गेलं. काल सकाळी पिशवी भरून, नखं कापून, शेजारच्या सुतारांकडे किल्ली देऊन मी दवाखान्यात पोचले, तर खिडकीतली बाई म्हणाली, थिएटरच्या छतातून पाणी गळतंय, सगळ्या तारखा रद्द. पाणी म्हणे नेमकं टेबलावरच गळतं. मी म्हटलं, मग छत्री धरून करा. ती हसली नाही. नवी तारीख कळवू म्हणाली आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

तेव्हा तू पुढच्या आठवड्यात निघू नकोस. पण येणं रद्दही करू नकोस, नुसतं पुढे सरकव. तू लिहिलं होतंस की ऑपरेशननंतरचे सहा आठवडे तू माझ्याकडे राहशील आणि तेवढ्या काळात दुसऱ्या कुणाच्या घरचा पेशंट घेणार नाहीस. ते पत्र मी कितीदा वाचलं ते सांगत नाही, तू लगेच चढून बसशील. आई गेल्यापासून सात वर्षं तू माझ्या घरात पाऊल टाकलेलं नाहीस, मी तुझ्या घरात टाकलेलं नाही. आणि भांडण कशावरून, तर उशीवरून. तू नर्स, तुझं म्हणणं आईला कुशीवर निजवायचं. मी खुर्च्या-सोफे भरणारी, मी तिला टेकून बसता यावं म्हणून उतरती गादी शिवून आणलेली. तू ती उचलून दाराबाहेर ठेवलीस. मग आई गेली, आणि ती गादी तिथून कोणी उचलायची यावरून जो अबोला सुरू झाला तो तुझ्या त्या पत्रापर्यंत चालला.

फोन करायचा नाही हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. फोनवर आपण पहिल्या मिनिटात भांडतो, पत्रात निदान पान उलटेपर्यंत टिकतो.

तुझ्या सूचना आरशाला चिकटवल्या आहेत. पडून राहायचं नाही. रोज चालायचं. मऊ गादी काढून टाकायची (माझ्या घरातून, म्हणजे बघ). तलावावर जाऊन पाण्यात चालायचं. काही उचलायचं तर कंबरेत नाही, गुडघ्यात वाकायचं. ऑपरेशनला शरीर तगडं घेऊन जायचं असतं, नाहीतर नंतर उठायला जड जातं, असं तू लिहिलंस, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्यास. नोकरी सुटली तरी हुकूम सोडायची सवय गेली नाही तुझी. मी सगळं निमूट करते आहे.

पण दुखतं गं. कंबरेतून डाव्या पायात थेट घोट्यापर्यंत कळ जाते. भांडी घासताना मध्येच ओट्याला धरून उभं राहावं लागतं. त्या सोफ्याला मी जन्मभर शिव्या देणार. एकटीनं उलटा करायला गेले, सुतारांना हाक मारायला मला काय झालं होतं कोण जाणे.

टाचणी

(आई मला टाचणी म्हणायची. तूही म्हणायचीस, फक्त माझ्या पाठीमागे.)


२ नोव्हेंबर

ताई,

ज्यांच्या तारखा पुढे गेल्या त्यांच्यासाठी दवाखान्याने एक व्यायामाचा वर्ग काढला आहे. घरी बसून माणसं आखडतात म्हणून. मागच्या बाजूच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा आम्ही जमतो, चटयांवर पडतो आणि सगळे मिळून कण्हतो. शिकवायला एक फिजिओबाई आहे. अंगाने काडी, पण आवाज असा की शेवटच्या चटईवरचा माणूसही पोट आत ओढतो. आल्या आल्या ती प्रत्येकाला विचारते, आज दहापैकी किती दुखतंय? त्या आकड्यावरून तारखा लागतात असं सगळे म्हणतात. जास्त दुखतं त्याचा नंबर आधी.

मी आठ सांगते.

तिथे एक बस चालवणारे गृहस्थ येतात. सगळे त्यांना बसवाले म्हणतात. ते नेहमी दाराशेजारच्या बाकावर बसतात, डाव्या बाजूवर सगळा भार टाकून, उजवा पाय लांब करून. माणूस कसा बसतो ते बघायची मला खोड आहे, ती कामामुळे. मी त्यांना म्हटलं, तुमच्या बसची सीट डावीकडे खचलेली असणार. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तुम्ही डेपोत कामाला आहात का?" मी म्हटलं, नाही, मी गादीवाली. तेव्हापासून बोलणं होतं. त्यांना मी सीटवर टाकायला एक गादी करून देणार आहे.

ते आकडा सांगतात तीन. कधी कधी दोनसुद्धा. कण्हतात मात्र आठाचं.

माझं तेच चाललं आहे. उजव्या पायात मुंग्या येतात, फार वेळ बसवत नाही. काल बाजारातून बटाटे आणि दोन्ही पिशव्या घेऊन वर आले. म्हणजे एक पिशवी मी घेतली, बाकीचं सुतारांनी आणलं. तू लगेच रागावू नकोस.

तुझ्यासाठी एक खुर्ची काढली आहे. सुतारांकडे जुना सांगाडा पडून होता, पाय दणकट, पाठ सरळ. तू लहानपणापासून डावा पाय पोटाशी घेऊन खुर्चीच्या टोकाला बसतेस. आई ओरडायची, बाबा ओरडायचे, ड्यूटीवर तुझी मेट्रन ओरडायची, तू बसतच राहिलीस. साध्या खुर्चीची कड तुझ्या मांडीला रुतते आणि मग तू दर थोड्या वेळाने उठतेस आणि लोकांना वाटतं, बाई फार कामसू आहे. या खुर्चीची पुढची कड गोल आणि मऊ ठेवायची, डावीकडे पाय घ्यायला खोली जास्त. पट्टे ताणायला जोर लागतो, ते अर्थात सुतारच करतात. मी नुसती शेजारी उभी राहून सांगते.

टाचणी


२४ नोव्हेंबर

ताई,

तू पोलिसात जायला हवी होतीस. "आधीच्या पत्रात डावा पाय होता, या पत्रात उजवा. कुठला ते ठरव," असं लिहायला काय झालं? दोन्ही दुखतात. कधी हा, कधी तो. पाय माझे आहेत, त्यांचं वेळापत्रक माझ्याजवळ नाही.

नवी तारीख आली. चौदा डिसेंबर. छत दुरुस्त झालं, पण टेबल आठवड्यातून दोनच दिवस मिळतं, त्यामुळे रांग लांब आहे आणि मला लवकरचा नंबर मिळाला म्हणून वर्गातले सगळे माझ्याकडे जरा तिरके बघतात. बसवाल्यांना एप्रिल दिला आहे.

पाच दिवस दवाखान्यात ठेवतील. म्हणजे तू एकोणीसला आलीस तर मी घरी असेन. तू लिहिलंस की त्या लकवा झालेल्या आजोबांच्या घरच्यांना तू नाही म्हणून कळवलंस, ते तुलाच मागत होते तरी. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि उगाच उठून खिडकी पुसली. नको होतं नाही म्हणायला, असं लिहावंसं वाटलं. पण तसं लिहिलं असतं तर तू त्यांना हो म्हणाली असतीस. म्हणून लिहीत नाही.

तुझी खोली तयार आहे. पलंग कडक आहे, तुझ्याच सूचनेप्रमाणे. खुर्चीत काथ्या भरून झाला, वरचा कापूस राहिला आहे. कापड निळं घेऊ का राखाडी ते कळव. तू निळंच म्हणशील, पण मग राखाडी का नाही घेतलं म्हणून बोलशील.

बसवाल्यांशी चांगली ओळख झाली आहे. आमचं एकमेकांबद्दल एक ठरलं आहे, ते तुझ्या कामाचं नाही. माणूस सरळ आहे. फक्त अलीकडे ते चालताना पाऊल फटकन टाकतात. हॉलची फरशी आहे ना, त्यामुळे आवाज येतो.

टाचणी


९ डिसेंबर

ताई,

आज थोडक्यात लिहिते. मन ठिकाणावर नाही. पाठीचं म्हणत नाही मी, पाठ आहे तशी आहे.

एक विचारायचं होतं. चालताना एखाद्याचं पाऊल टाचेवर टेकून मग हळू खाली येण्याऐवजी पुढचा भाग एकदम फटकन आपटत असेल, आणि त्या बुटाचं टोक जमिनीला घासून पांढरं पडलं असेल, फक्त उजव्याच, तर ते काय असतं? थांबता येतं का त्याला? म्हणजे पाठीच्या ऑपरेशनची तारीख एप्रिलमधली असेल तर तोवर चालेल का?

माझं नाही. एका गिऱ्हाइकाचं विचारते.

कापड निळं घेतलं.

टाचणी


१२ डिसेंबर

ताई,

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल. बसून वाच.

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मला आधी ओळखूच आला नाही तुझा आवाज. सात वर्षांत ऐकला नव्हता आणि असा तर कधीच ऐकला नव्हता. "ते पाऊल कुणाचं आहे?" एवढंच तू विचारलंस, हॅलोसुद्धा न म्हणता. मी म्हटलं, बसवाल्यांचं. तू म्हणालीस, "शपथ घे. तुझं नाही ना?" मी म्हटलं, नाही गं, त्यांचंच. मग तू गप्प झालीस. तू रडत होतीस का, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळाने तुझा नेहमीचा आवाज आला आणि तू म्हणालीस, "त्याला उद्याच्या उद्या डॉक्टरपुढे उभा कर. नस दबली आहे. उशीर केला तर असं गेलेलं पाऊल परत येत नाही." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पहिलं मिनिट संपायच्या आत ठेवला, पण या वेळी भांडणामुळे नाही. तू पुढे माझ्याबद्दल विचारशील म्हणून ठेवला.

आता ऐक. माझी पाठ दुखत नाही.

ऑक्टोबरात दुखत होती, ते सगळं खरं. पण मी तू सांगितलंस तसं करत गेले. चालले, पाण्यात चालले, मऊ गादी सुतारांना देऊन टाकली. नोव्हेंबर लागला तेव्हा कळ गुडघ्यापर्यंतच यायची. मग मांडीपर्यंत. मग एक दिवस सकाळी मी वाकून चप्पल उचलली आणि उचलून झाल्यावर लक्षात आलं की मी वाकले. मला आनंद व्हायला हवा होता. मला पहिल्यांदा काय सुचलं सांगू? आता ताई येणार नाही. तुझ्याच सल्ल्याने मी बरी झाले, म्हणजे तुझं येणं तूच बुडवलंस, असा मला तुझा रागसुद्धा आला.

म्हणून मी आठ सांगत राहिले. तुलाही आणि त्या फिजिओबाईलाही. डावा की उजवा ते मी विसरायला लागले, कारण दोन्ही दुखत नव्हते.

बसवाल्यांना ते कसं कळलं ते सांगते. एक दिवस वर्गात आठ सांगून मी दुपारी बाहेर पडले, समोर बस सुटत होती. मी धावले. पिशवी घेऊन, चांगली रस्ता ओलांडून धावले, पायरीवर उडी मारली आणि वर बघितलं तर स्टिअरिंगवर बसवाले. त्यांची त्या दिवशी दुपारपाळी होती, वर्ग अर्धा सोडून ते आधीच निघाले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "या. आठ ना?"

मला धरणी ठाव देईना. मी त्यांच्या मागच्याच सीटवर बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उतरले नाही. तिथे गाडी रिकामी झाल्यावर ते उठले, आणि उठताना त्यांनी उजवा पाय हाताने उचलून पेडलवरून बाजूला घेतला. पँटची घडी धरून, सामान उचलतात तसा. मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

ते म्हणाले, "पाय गेला म्हणून कळलं की गाडी गेली. मला दुसरं काही येत नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुमचं काय? माणसं बरी व्हायला धडपडतात, तुम्हाला आजारी राहायचंय."

मी म्हटलं, "ऑपरेशन झालं की बहीण येणार आहे."

त्यांनी जरा विचार केला. खोटं वाटत असेल तर हसावं माणसाने, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "मग ठीक आहे." आणि आमचं ठरलं. मी त्यांच्या पायाचं बोलायचं नाही, त्यांनी माझ्या धावण्याचं बोलायचं नाही. ते तीन सांगणार, मी आठ सांगणार. दोन म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांच्या चुगल्या दाबून बसलो.

ताई, ते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झालं. तेव्हापासून मी तो फटफट आवाज ऐकत होते. दर वर्गाला जरा मोठा होत होता. मला काही कळत नव्हतं असं नाही. मी रोज दुसऱ्यांच्या खुर्च्या उलट्या करून कुठला पट्टा सुटला ते बघते, मला एका माणसाचा पाय सुटत चाललेला दिसणार नाही? वर त्या गाडीत माणसं बसतात. मी स्वतः दोनदा एक थांबा आधी उतरले, कारण पुढच्या उतारावर ते ब्रेक कसा लावतात ते मला बघायचं नव्हतं. मी उतरले आणि बाकीच्यांना आत ठेवलं. रोज ठरवायचे, आज सांगते. मग वाटायचं, त्यांचं सांगितलं तर ते माझं सांगणार. माझं कळलं तर तारीख जाणार. तारीख गेली तर तू येणार नाहीस. एवढंच गणित होतं, ताई, आणि ते मी रोज सकाळी करायचे आणि रोज गप्प बसायचे.

तुला ते नऊ तारखेचं पत्र लिहिलं तेसुद्धा धीटपणाने लिहिलं नाही. मला वाटलं, तू लिहिशील, काही नसतं, चालेल एप्रिलपर्यंत. मी तेच वाचायला मिळेल म्हणून लिहिलं.

आज सकाळी गेले. मोठ्या डॉक्टरांच्या दारात बसले आणि नंबर नसताना आत शिरले. फिजिओबाई तिथेच होती. मी आधी माझं सांगितलं, कारण बसवाल्यांचं आधी सांगितलं असतं तर माझं पुन्हा राहून गेलं असतं. डॉक्टरांनी मला टेबलावर निजवलं, दोन्ही पाय उचलून बघितले, टाचेवर चालवलं, चवड्यावर चालवलं. मग म्हणाले, "तुम्हाला ऑपरेशन कशाला हवंय?" मी म्हटलं, "नकोय." ते चिडले नाहीत. फिजिओबाई मात्र भिंतीला टेकून उभी राहिली. माझा आकडा खाली येत नाही म्हणून ती घरी पुस्तकं काढून बसायची, माझ्यासाठी वेगळे व्यायाम शोधायची, हे तिने मला तेव्हा सांगितलं. तिला वाटत होतं, तिलाच शिकवता येत नाही. मी तिला काय सांगणार? तिच्या हातचंच सगळं लागू पडलं होतं.

मग बसवाल्यांचं सांगितलं. डॉक्टर पेन ठेवून उठलेच. डेपोत फोन गेला, त्यांना गाडीवरून उतरवून आणलं. ते आत आले, मला तिथे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. बूट काढायला सांगितला तर त्यांनी खाली वाकून नाडी सोडली आणि टोकावरचा पांढरा भाग हाताने झाकला.

चौदा तारखेचं टेबल त्यांना दिलं आहे. माझं होतं ते. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर मी जास्त खात्री दिली असती. हे ते बसवाल्यांकडे बघून म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणायला हवं होतं.

तेव्हा तू एकोणीसला येऊ नकोस. त्या आजोबांच्या घरच्यांना विचार, अजून कुणी मिळालं नसेल तर. तू माझ्यासाठी त्यांना नाही म्हणालीस आणि मी इथे दोन्ही हातांनी पट्टे ताणत होते. हो, खुर्ची मीच केली, सगळी. सुतारांनी तिला हातसुद्धा लावलेला नाही.

मला तुझी क्षमा मागायची आहे, पण ती मागून मी मोकळी होईन आणि तू तिथे पत्र हातात घेऊन बसशील. म्हणून आज नुसतं खरं लिहिते.

टाचणी


३ जानेवारी

ताई,

तुझं पत्र नाही, फोन नाही. ठीक आहे. मी तुझ्या जागी असते तर आतापर्यंत सात वर्षांचा पुढचा हप्ता सुरू केला असता.

बसवाल्यांचं ऑपरेशन झालं. मी आठवडाभर गेले नाही, मग गेले. त्यांची बायको दारात होती. तिला सगळं माहीत होतं. तिने मला आत सोडलं आणि स्वतः बाहेर थांबली, त्यावरून तिचं मत मला कळलं. ते पाठीवर पडून होते. पांघरूण वर करून त्यांनी मला उजवं पाऊल दाखवलं. अंगठा हलतो, बाकीची बोटं जरा थरथरतात. पुढे किती येईल ते कोणी सांगत नाही. वर्ष लागेल म्हणतात. गाडी बहुतेक मिळणार नाही, डेपोत बसून काही काम देतील.

मी म्हटलं, मी आधी बोलायला हवं होतं. त्यांनी माझी समजूत घातली नाही. म्हणाले, "हो, हवं होतं. मीही बोलायला हवं होतं, पाय माझा होता." मग बराच वेळ आम्ही दोघं त्या अंगठ्याकडे बघत होतो. त्यांनी तो दोनदा हलवून दाखवला. मी अजून कुणाच्या अंगठ्याचं एवढं कौतुक केलेलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "बहीण आली का?"

"नाही."

"कळवलंत का तिला?"

"सगळं कळवलं. काही ठेवलं नाही."

"या, म्हणून लिहिलंत?"

मी म्हटलं, "तसं नाही लिहिलं. येऊ नकोस म्हणून लिहिलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मग काय कळवलंत, बाई?"

घरी येताना सगळ्या वाटेत मी तेच घोळवत होते. ताई, आपल्या घरात कुणी आजारी पडल्याशिवाय कुणी कुणाकडे गेलेलं नाही. मावशी आली ती बाबांच्या हर्नियाला. काका आला तो तुझ्या टायफॉइडला, आणि तू बरी झालीस त्याच दिवशी पिशवी उचलून निघाला. तू लग्नानंतर माहेरी आलीस ती आईच्या मोतीबिंदूला. चांगल्या धडधाकट माणसाच्या घरी जाऊन काय करायचं, असं आई म्हणायची, आणि ते आपल्याला इतकं बरोबर वाटायचं की आपण कधी विचारलंच नाही. तुला बोलवायला मला एक दुखणं लागलं. खरं होतं तोवर ते वापरलं, बरं झालं तेव्हा खोटं वापरलं. नुसतं बोलवायचं मला सुचलंच नाही. सुचलं असतं तर बसवाल्यांचा पाय कदाचित आज जागेवर असता. हे मी स्वतःला सोडवायला लिहीत नाही. यातून मी सुटत नाही, हे मला ठाऊक आहे.

बसवाल्यांसाठी आता वेगळी गादी करते आहे, डेपोतल्या खुर्चीसाठी. उजव्या पायाला खाली आधार असलेली. फिजिओबाईला माप विचारायला गेले होते. तिने माप दिलं, बोलली मोजकंच. पुन्हा आठ सांगितलंत तर याद राखा, एवढं म्हणाली. मी ते चांगलं लक्षण धरते आहे.

तुझी खुर्ची खिडकीपाशी आहे. निळी. परवा सुतार दमून आले आणि मी नको म्हणायच्या आत तिच्यावर बसले, तर पुढच्या गोल कडेवरून सरळ खाली घसरले. जमिनीवर बसूनच म्हणाले, "ही माणसासाठी केली आहे का?" मी म्हटलं, एका माणसासाठी केली आहे. डावा पाय पोटाशी घेतल्याशिवाय तिच्यावर कोणाला बसता येत नाही. मी स्वतः बसून बघितलं, मलाही येत नाही.

मी चालते, पोहते, वाकते. रात्री कुशीवर निजते, ते तुझंच बरोबर होतं. ऑपरेशन नाही. कळ नाही, मुंग्या नाहीत, सेवा करण्यासारखं काही नाही. आलीस तर तुला करायला काही काम मिळणार नाही आणि तू दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या लावायला काढशील, आणि आपण त्याच्यावरून भांडू.

ताई, मला काहीही झालेलं नाही. ये.

टाचणी